झडीच्या दिवसांत गॅसलाही वाट हवी

मे महिना सरत आला की कर्जत-खालापुरात घरोघरी तीच धावपळ सुरू होते. फुटकी कौले बदलायची, पत्र्याचे स्क्रू आवळायचे, सरपण पडवीत रचायचे, सुकट-बोंबील डब्यात भरायचे आणि पश्चिमेच्या खिडक्यांना ताडपत्री नाहीतर जाड प्लास्टिक ठोकायचे. इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, माथेरानच्या माथ्यावर त्याहूनही पुष्कळ जास्त. शिवाय तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा घरात शिरतो. या झडीपासून घर वाचवायचे तर खिडक्या झाकायलाच हव्यात. पण त्या झाकलेल्या खिडक्यांपैकी एक स्वयंपाकघराची असते. तिच्याखाली ओट्यावर गॅसची शेगडी असते आणि ओट्याखाली १४.२ किलो गॅस भरलेला सिलिंडर. पुढचे चार महिने ती खिडकी बहुतेक उघडणार नसते. पावसाळ्याच्या बेगमीत ही एक गोष्ट आपण धरत नाही.

गॅस म्हटला की तो वर जाणार, खिडकीतून उडून जाणार, अशी आपली समजूत असते. सिलिंडरमधला गॅस मात्र तसा वागत नाही. तो प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, ब्युटेन जवळजवळ दुप्पट. त्यामुळे गळती झाली की तो खाली उतरतो, फरशीवर पसरतो, उताराकडे सरकतो आणि खोलगट जागा भरतो. भाताच्या खाचरात पाणी कसे वागते हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. बांधाला वाट करून दिली नाही तर पाणी तुंबते. गॅसचेही तसेच आहे. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून आपण दाराला उंच उंबरठा करतो, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबतो. जो उंबरठा बाहेरचे पाणी अडवतो, तोच आत गळलेला गॅसही अडवून धरतो.

जुन्या घरांत ही अडचण आपोआप सुटलेली होती. ठाकूरवाड्यांवरची कारवीच्या कुडाची आणि शेणामातीने लिंपलेली भिंत, गावातले कौलारू घर, दोन्ही श्वास घेत. चुलीचा धूर कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीलगत मोरी असे, आणि तिच्या भोकातून पाणी मागच्या अळू-केळीच्या आळ्यात जाई. ते भोक पाण्यासाठी होते, पण जमिनीलगतची हवाही त्यातून खेळत असे. आता मोरीच्या जागी ओट्यावर सिंक आले, कौलांच्या जागी स्लॅब आला, कुडाच्या जागी वीट-सिमेंट आले. घर मजबूत झाले, साप-विंचवाची भीती कमी झाली, ही चांगलीच गोष्ट. पण हवा जायला-यायला ज्या वाटा होत्या त्या बुजल्या, आणि त्यांच्या जागी नव्या ठेवायच्या असतात हे घर बांधताना कुणी सांगितले नाही.

थोडा हिशेब करू. आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि नऊ फूट उंच असे साधे स्वयंपाकघर धरा. त्यात सुमारे १६ घनमीटर हवा मावते. हवेत हा गॅस साधारण २ टक्के झाला की ठिणगीने भडका उडू शकतो. गॅस खोलीभर सारखा पसरला, तर त्यासाठी पाऊण किलोच्या आसपास गॅस लागेल. पण तो तसा पसरत नाही. तो जमिनीलगतच्या फूटभर थरात साचला, तर अवघे ८० ग्रॅम पुरतात. न पेटवलेला एक बर्नर पूर्ण उघडा राहिला, तर अर्ध्या-पाऊण तासात एवढा गॅस बाहेर येतो. दूध उतू जाऊन विझलेली शेगडी आणि शेजारी गप्पा मारायला गेलेला माणूस, एवढेच त्याला पुरेसे आहे. नळीला भेग पडली किंवा सिलिंडरच्या तोंडाचे रबरी कडे खराब असले, तर वेळ आणखी कमी लागतो.

आपले नाक पाच फुटांवर असते आणि गॅस घोट्याशी. मुळात या वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मिसळतात. पण सर्दीने नाक चोंदलेले असेल, वय झालेले असेल, किंवा करोनानंतर वास येईनासा झालेला असेल, तर ही राखण उपयोगाची राहत नाही. वाड्यांवरच्या आणि गावातल्या कितीतरी एकखोली घरांत माणसे रात्री त्याच फरशीवर अंथरूण टाकून झोपतात. म्हणून रात्रीचा शेवटचा चहा झाला की नुसता बर्नर बंद करून थांबू नये, रेग्युलेटरही बंद करावा. याला एक पैसा लागत नाही.

हे झाले न जळलेल्या गॅसचे. जळलेल्या गॅसची तऱ्हा उलटी असते. तो गरम असतो, म्हणून वर जातो आणि स्लॅबखाली साचतो. एक किलो गॅस नीट जाळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते आणि त्यातून जवळजवळ तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. महिन्याला एक सिलिंडर वापरणाऱ्या घरात फक्त गॅस जळण्यातून रोज पाऊण लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळते. भात-वरणाची वाफ त्यात धरलेली नाही. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छताला येणारी काळी बुरशी दर वेळी गळक्या स्लॅबमुळेच येते असे नाही. हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्यांचे बूड काळे पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. निळी ज्योत असतानाही नायट्रोजन डायऑक्साइड थोडाफार तयार होतच असतो आणि तो लहान मुलांच्या श्वासनलिकांना त्रास देतो. २०१३ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये दम्याचा धोका ४२ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसले होते. ती तुलना बहुतांशी विजेवर स्वयंपाक करणाऱ्या श्रीमंत देशांतल्या घरांशी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कारण आपल्याकडे गॅसची तुलना विजेच्या शेगडीशी करून चालत नाही, ती चुलीशी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसे दगावली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला होता. आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांना फुप्फुसांचा जुनाट विकार होतो, त्यामागे चुलीचा धूर हे मोठे कारण आहे, याकडे त्यांनी जगाचे लक्ष वेधले. लाकडाच्या धुरापुढे गॅस कितीतरी बरा. तेव्हा ‘गॅस धोक्याचा, आमची चूलच बरी’ असा अर्थ कुणी काढू नये. गॅस घ्यावा, तो वापरावा आणि त्याला हवेची वाट ठेवावी.

ही वाट म्हणजे दोन झरोके. एक जमिनीलगत, एक छताच्या थोडा खाली. दोन्ही बाहेरच्या भिंतीत, मोकळ्या हवेत उघडणारे. वीतभर लांब आणि चार बोटे उंच एवढे भोक पुष्कळ. खालचा झरोका बंदिस्त गटारात किंवा खोलगट जागेत उघडता कामा नये, नाहीतर गॅस तिथे जाऊन साचेल. यावर गावात पहिली हरकत काय येईल ते आम्हाला ठाऊक आहे: खाली भोक ठेवले तर साप येईल, उंदीर येतील, झड आत येईल. हरकत खोटी नाही. त्यासाठी आतून बारीक विणीची लोखंडी जाळी बसवावी आणि बाहेरून तिरका पत्रा लावावा, म्हणजे पाणी खाली ओघळेल आणि हवा चालू राहील. वरच्या जाळीवर तेलाचा थर बसतो. ती महिन्यातून एकदा धुवावी. खिडकीला ताडपत्री लावायचीच असेल तर ती चौकटीला चिकटवून न ठोकता, वरच्या बाजूने छपरीसारखी पुढे ताणून बांधावी. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला किमान १ चौरस मीटरची, मोकळ्या जागेकडे उघडणारी खिडकी सांगितली आहे. ती खिडकी वर्षातले चार महिने प्लास्टिकखाली असेल, तर तिचा उपयोग आठ महिन्यांपुरताच.

आता मांडणी. सिलिंडर नेहमी उभा, सपाट जमिनीवर, आणि शेगडी त्याच्या माथ्यापेक्षा किमान सहा इंच उंचीवर हवी. गौरी-गणपतीत मुंबईचे सगळे घरी आले की दुसरी शेगडी जमिनीवर मांडून मोदक उकडायला घेतात, सिलिंडर शेजारीच असतो. ही मांडणी सर्वांत वाईट. गॅस जिथे साचतो नेमकी तिथेच ज्योत ठेवलेली असते. देव्हाऱ्याचेही तेच. स्वयंपाकघरात देव्हारा असण्यात काही गैर नाही, पण तेवते निरांजन सिलिंडरच्या कोपऱ्यात किंवा त्याच्यापेक्षा खाली नको. शेगडीच्या वर लाकडी फळी आणि मागे पडदा, हेही नको. शेगडी खिडकीच्या अगदी समोर ठेवली तर वाऱ्याने ज्योत विझते, म्हणून ती थोडी बाजूला घ्यावी.

नव्या घरांत सिलिंडर ओट्याखालच्या ट्रॉलीच्या कपाटात गेला आहे. दिसायला छान, पण दार लावले की तो एक बंद पेटाराच. कपाटात ठेवायचाच असेल तर त्याच्या दाराला तळाशी आणि वर, दोन्हीकडे भोके हवीत. सुतार ती स्वतःहून पाडत नाही, सांगावे लागते. नेरळ-कर्जतच्या नव्या इमारतींत सिलिंडरसाठी ड्राय बाल्कनी देतात, आणि लोक पहिल्याच पावसात तिला सरकत्या काचा बसवून घेतात. मग तिथे वॉशिंग मशीन येते, त्याचे बटण येते, आणि मोकळी बाल्कनी म्हणून दिलेल्या जागेची बंद खोली होते. काचा लावा, पण खालची एक पट्टी जाळीची राहू द्या.

नळी हा वेगळाच विषय. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी हिरवी-निळी प्लास्टिकची नळी स्वस्त असते आणि इथल्या उंदरांना ती आवडते. भातशेतीच्या मुलुखात पावसाने बिळे भरली की उंदीर घरात येतात आणि ओट्याखालची ऊबदार जागा धरतात. गॅस एजन्सीकडे मिळणारी नारिंगी सुरक्षा नळी आतून तारेच्या जाळीने बळकट केलेली असते. तिच्यावर आयएस ९५७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि साल छापलेले असते. ती दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायची. नळी स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यावर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळू नये. भेग झाकली जाते. सिलिंडर बदलला की साबणाचे पाणी जोडांवर लावून बघावे, बुडबुडे आले की गळती समजावी. काडी पेटवून गळती शोधणारे शूर अजून आहेत, म्हणून हे लिहावे लागते. सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवरचे अक्षर आणि आकडाही बघावा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असे डीपर्यंत, आणि पुढे साल. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत असते. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

रायगड जिल्ह्यात नळाने घरगुती गॅस पुरवण्याचे काम महानगर गॅसकडे आहे आणि ते जाळे पसरते आहे. नळाने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो आणि तो हवेपेक्षा हलका. तो गळला तर वर जातो. म्हणजे त्या घरात वरचा झरोका जिवाचा, आणि गॅस ओळखणारे यंत्र लावायचे तर तेही छताजवळ. सिलिंडरच्या घरात हेच यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर लागते. सिलिंडरवरून नळाच्या गॅसवर जाताना शेगडीचे जेट बदलावे लागतात. ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. पाना हातात आला की प्रत्येकाला आपण मेकॅनिक आहोत असे वाटते, ती हौस इथे नको. ओट्यावरच्या चिमणीबद्दल एवढेच की जिचा पाइप बाहेर काढलेला नाही, ती तेलाचा वास कमी करते. वाफ, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे वायू तिच्यातून खोलीतच परत येतात.

या तालुक्यांत शनिवार-रविवारची घरे पुष्कळ झाली आहेत. पाच दिवस बंद असलेल्या घरात शुक्रवारी रात्री पोहोचल्यावर पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो. आधी दार सताड उघडून दोन मिनिटे थांबावे आणि वाकून वास घ्यावा. निघतानाच रेग्युलेटर काढून सिलिंडरवर टोपी लावलेली असेल तर फारशी काळजी नाही. याच घरांत न्हाणीघरात गॅस गिझर असतो, आणि तो शेगडीपेक्षा घातक ठरू शकतो. शेगडी मोठ्या खोलीत असते आणि तिच्यासमोर माणूस जागा असतो. गिझर लहानशा बंद खोलीत भरभरून जळतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला गरगरते, दार उघडायचे सुचत नाही आणि तो तिथेच कोसळतो. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवडीनंतर एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले, तेव्हा तपासात संशय गॅस गिझरवरच होता. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा.

वास आलाच तर काय करायचे, हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत हवे. ज्योत, निरांजन, उदबत्ती विझवा. विजेचे कोणतेही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह होतो, तोही टाळा. रेग्युलेटर बंद करा, टोपी लावा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. ६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी लालबागच्या गणेश गल्लीतल्या साराभाई इमारतीत, लग्नाची तयारी चाललेल्या घरात, सिलिंडरच्या गळतीनंतर स्फोट झाला. १६ जण भाजले आणि त्यांतले अनेक पुढे दगावले. तिथे केईएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते. आपल्याकडे वाडीवरून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात यायचे आणि भाजणे मोठे असेल तर तिथून ऐरोलीचे राष्ट्रीय बर्न्स सेंटर गाठायचे. पावसात हा प्रवास किती वेळाचा होतो हे इथे कुणाला सांगायला नको. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. तूप, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये.

इथपर्यंतचे काम घरातल्या माणसाचे. पण सगळा भार गृहिणीच्या डोक्यावर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर वाड्यांवर पोहोचला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी समाजासाठी पक्की घरे आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा असावी असे नियमच सांगतो. गॅस एका खात्याने दिला, घर दुसऱ्याने दिले. त्या घरात गॅसला वाट आहे की नाही हे बघणारे कुणी नाही. पुढची टाकी परवडत नाही म्हणून महिन्याचे अर्धे दिवस त्याच खोलीत चूलही पेटते. एका कोपऱ्यात सिलिंडर आणि दुसऱ्यात निखारे, असे घर आपण सरकारी पैशाने बांधतो आहोत. चूल पडवीत जावी, सिलिंडर बाहेरच्या भिंतीला लागून असावा आणि त्या भिंतीत दोन झरोके असावेत, एवढे घरकुलाच्या आराखड्यातच आले पाहिजे. घरकुलाचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याटप्प्याचे फोटो बघून मिळतो. त्या फोटोंत आणखी एक, स्वयंपाकघराच्या भिंतीचा, घ्यायला कर्जत आणि खालापूरच्या पंचायत समित्यांना वेगळा निधी लागणार नाही.

गॅस एजन्सींकडून होणाऱ्या घरगुती तपासणीचेही वेळापत्रक इथे बदलायला हवे. जानेवारीत आलेल्या तपासनिसाला खिडकी उघडीच दिसणार आणि उंदीरही शेतातच असणार. तोच माणूस जूनच्या अखेरीस, ताडपत्र्या लागल्यावर आला तर त्याला खरे स्वयंपाकघर दिसेल. ग्राहकांनीही त्याला दारातूनच परत पाठवू नये. ओळखपत्र बघून आत घ्यावे. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा काढलेला असतो आणि त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. पण मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरच्या घरापुरती असते. मुंबईच्या पत्त्यावरचा सिलिंडर गाडीत घालून नेरळच्या बंगल्यावर आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

भिंतीतली एक वीट काढून जाळी बसवणे हे गवंड्याचे तासाभराचे काम आहे. ते मात्र झड सुरू होण्याआधी उरकायला हवे, आणि उन्हाचे दिवस आता थोडेच उरले आहेत.